मुंग्या न लागलेला कप

डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या का बंद केल्यात?" मी म्हटलं, "कंटाळा आला." शेजारच्या खुर्चीत आमचे हे बसले होते. खरं कारण त्यांना ठाऊक होतं, पण ते टोपी मांडीवर ठेवून तिच्या घड्या घालत राहिले. बाई तरुण आहेत, हुशार आहेत, माझ्या मुलाहून फार तर चार-दोन वर्षांनी मोठ्या. त्यांना मी काय सांगणार होते? की माझ्या कपाला मुंग्या लागत नव्हत्या म्हणून?

घरात प्रत्येकाने आपापला तर्क लढवलाय. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो आई विसरते. त्याने माझ्या मोबाईलमध्ये गजर लावून दिलाय, तो रोज सकाळी बोंबलतो. मी काय म्हातारी आहे का विसरायला? सायखेड्याच्या जाऊबाई म्हणतात, सांधे धरतात म्हणून सोडल्या असतील. आता धरतात, ते खोटं नाही. त्या गोळ्यांनी सकाळी बोटं वळत नाहीत, लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही. भर थंडीत, सगळं नाशिक शेकोटीला बसलेलं असताना, माझ्या अंगातून वाफा निघतात आणि मी गॅलरीत उभी राहून पदराने वारा घेते. खालचे लोक वर बघतात, बघू देत. पण तेवढ्यासाठी औषध सोडणारी बाई मी नाही. माझं कारण बागेतलं होतं आणि ते बागेतल्या माणसालाच कळेल.

आमची द्राक्षबाग सायखेड्याच्या पुढे, नदीच्या अंगाला. मुलाच्या शाळेसाठी नाशिक रोडला फ्लॅट घेतला आणि मी इकडची झाले. हे अजून रोज सकाळी मोटरसायकलला किक मारून बागेत जातात. पण त्याआधीची निम्मी हयात मी त्या वेलींखाली घालवली आहे. द्राक्षवाल्याच्या घरात औषध म्हटलं की आधी वेलीचं औषध, मग माणसाचं. छाटणी झाली की फवारणी सुरू. आज डावणीचं औषध, उद्या भुरीचं, ढग आले की आणखी एक. रोग यायच्या आधी औषध मारायचं, आल्यावर मारून उपयोग नसतो.

आणि मग घडात गोडी उतरायला लागली की एक दिवस सगळं बंद. प्रत्येक औषधाला फळातून निघून जायला अमुक दिवस लागतात, ते दिवस मोजूनच शेवटचा हात मारायचा. त्यानंतर घडाचं सॅम्पल लॅबला जातं, आणि रिपोर्ट येईपर्यंत घडाला कात्री लागत नाही. आमच्याकडे शाळा न पाहिलेल्या बाईलासुद्धा रेसिड्यू हा शब्द पाठ आहे. रेसिड्यू म्हणजे फळात राहिलेला औषधाचा अंश.

एका वर्षी आमचं सॅम्पल नापास झालं. दिवस मोजण्यात कुठेतरी चूक झाली होती. मी बागेत गेले, एक मणी तोडला, उन्हात धरून बघितला. काचेसारखा स्वच्छ. तोंडात टाकला तर साखर. जिभेला काही कळलं नाही, नाकाला कळलं नाही, आणि कागद सांगत होता की आत औषध बसलंय. व्यापारी आला तसा निघून गेला. सासरे बांधावर बसून होते, त्यांच्या हातातल्या चहावर साय धरली. ते एवढंच म्हणाले, "दिलेलं औषध दिसत नाय पोरी, पण ते जात बी नाय." ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

नुकत्याच फवारलेल्या बागेत तुम्ही कधी उभे राहिला आहात का? राहू नका. तिथे आवाज नसतो. पानं हलतात, पण पाखरू नाही, माशी नाही, मुंगळा नाही. कोळ्याची जाळी असतात आणि त्यांत कोळी नसतो. हिरवीगार बाग, आणि आत शिरलं की वाटतं इथे आपल्याशिवाय जिवंत काही नाही. लग्न होऊन नवी आले तेव्हा मला तिथे भीती वाटायची. सासूबाई हसायच्या. म्हणायच्या, "औषध उतरलं की येतंय सगळं माघारी."

मग मला ते झालं. घरात अजून कोणी त्या रोगाचं नाव घेत नाही, 'ते' म्हणतात, आणि मलाही तीच सवय लागली आहे. डावी बाजू काढली. त्यानंतर केमो. पहिल्या दिवशी सिस्टर लाल औषधाची बाटली घेऊन आली तेव्हा तिच्या हातांत एकावर एक असे दोन मोजे होते, तोंडाला फडकं, अंगावर वेगळा झगा. आमच्याकडे फवारणीला जाणारा माणूस असाच नटतो. मी विचारलं, "एवढं कशाला गं?" ती म्हणाली, "हातावर सांडायला नको, मावशी." आणि हातावर सांडायला नको ते तिने माझ्या शिरेला जोडलं. मी छताकडे बघत पडून राहिले. थेंब थेंब आत जात होतं.

तिनेच जाताना सांगितलं, या दिवसांत संडासात दोनदा पाणी टाका, टॉवेल वेगळा ठेवा, घरात कोणी पोटुशी बाई असेल, तान्हं असेल, तर जरा लांब राहा. ते केमोच्या दिवसांपुरतं होतं. पण हे दिवस संपले, आता काही हरकत नाही, असं मला नंतर कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मुंग्यांचं तेव्हाच सुरू झालं. आमच्या फ्लॅटमध्ये मुंग्या पहिल्यापासून. ओट्यावर साखरेचा दाणा पडला की रांग लागलीच. मी आतल्या खोलीत पलंगावर पडून असायचे, शेजारी स्टुलावर चहाचा कप. तोंडाला चव नव्हती, अर्धा कप तसाच राहायचा. एका दुपारी लक्षात आलं की दोन चमचे साखरेचा चहा सकाळपासून पडलाय आणि त्याला एकही मुंगी नाही. स्वयंपाकघरात जाऊन आले, तिथे सांडलेल्या दुधावर झुंबड होती. म्हटलं असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मी गुळाचा खडा घेतला, मुद्दाम तळहातावर चोळला आणि स्टुलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याला पाणी सुटलं, पण मुंगी फिरकली नाही. मी त्या खड्याकडे बघत बसले. पलंगावर मी होते, आणि माझ्याभोवती त्या फवारलेल्या बागेतली शांतता होती.

कोणाला सांगणार? हे मोजक्या बोलण्याचे. मुलाला सांगितलं असतं तर त्याने मला आणखी एका डॉक्टरकडे नेलं असतं, डोक्याच्या.

केमो संपलं, रेडिएशनचे शेक संपले, डोक्यावर केस आले, तेही कुरळे. सगळे म्हणाले, सुटलीस बाई. आणि बाईंनी एक छोटीशी गोळी लिहून दिली, रोज एक, पुढची कित्येक वर्षं. मी म्हटलं, "बरी झालेय ना मी?" त्या म्हणाल्या, "बरं राहण्यासाठीच आहे. परत येऊ नये म्हणून." हे मला पटलं. रोग यायच्या आधी औषध मारायचं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी न चुकता गोळी घेत राहिले. स्टुलावरच्या कपाला मुंग्या मात्र लागल्या नाहीत.

त्या वर्षीच्या पितृपक्षात सासऱ्यांची तिथी आली. आजारातून उठल्यावर मी पहिल्यांदाच सगळा स्वयंपाक स्वतःच्या हाताने केला, खीर, वडे, अळूची भाजी. पान वाढून गच्चीवर ठेवलं. शेजारच्या काकूंनीही त्यांचं पान थोडं पलीकडे ठेवलं होतं. पाण्याच्या टाकीवर कावळे बसलेलेच होते. काकूंच्या पानावर तुटून पडले. एक कावळा उड्या मारत आमच्या पानाजवळ आला, मान वाकडी केली, वड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि मागे सरकला. उडालासुद्धा नाही, मागच्या मागे सरकत गेला.

नाशिकच्या माणसाला कावळ्याचं काय सांगायचं? रामकुंडावर पिंड ठेवून माणसं हात जोडून उभी असतात, आणि कावळा शिवला नाही की कोणाचं काय राहिलं याची कुजबुज सुरू होते. हे पानासमोर उभे राहिले, म्हणाले, "आबा, काय मनात असेल ते पुरं करीन. नातवंडाचं सगळं नीट करीन." कावळा आला नाही. दुपार कलली तशी त्यांनी ते पान उचलून गाईला घातलं. काकू म्हणाल्या, इच्छा राहिली असेल. पण वडे कोणाच्या हाताने थापले होते ते मला माहीत होतं.

दिवाळीला मुलगा आणि सूनबाई आली. पाडव्याच्या सकाळी ती माझ्या पाया पडली आणि उठता उठता कानात म्हणाली, "आई, तुम्ही आजी होणार." मी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. लांब राहा, असं मोजे घातलेली सिस्टर म्हणाली होती. मी हात पदराला पुसला. पोरीला वाटलं मला आनंदाने सुचेना झालंय. तिने माझा हात धरला, स्वतःच्या गालाला लावला आणि म्हणाली, "एक सांगते, बाळाला अंघोळ तुम्हीच घालायची. मला सगळ्यांनी सांगितलंय तुमचं."

सगळ्यांनी सांगितलं होतं ते खरं होतं. आमच्या भावकीत मूल झालं की न्हाऊ घालायला मला बोलावणं यायचं. पाय लांब करून बसायचं, पायांवर बाळ पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, बेसन-साय लावायची, मग कढत पाणी. माझ्या हाताखालचं मूल रडत नाही, गाढ झोपतं, असा बोलबाला होता. माझ्याकडे ना शिक्षण, ना नोकरी. जे काही आहे ते या दोन हातांत. आणि आता स्वतःच्या नातवंडाच्या अंगाला हे हात तासतासभर चोळायचे, त्या कोवळ्या कातडीत तेल जिरवायचं, आणि तेलाबरोबर आणखी काय जिरणार होतं देव जाणे.

मी बागेचा हिशेब लावला. बाळंतपण उन्हाळ्यात. पहिलं म्हणून ती माहेरी सटाण्याला जाणार, सव्वा महिना झाला की इकडे येणार. म्हणजे भरपूर अवकाश होता. आजपासून औषध बंद केलं तर तोवर अंगातून पार उतरेल. भाऊबीजेच्या सकाळी मी गोळी पाकिटातून काढली आणि बेसिनमध्ये सोडली, वरून नळ. मग रोज तेच. पाकिटं वेळेवर रिकामी होत राहिली. तपासणीला बाई विचारायच्या, "गोळी चालू?" मी म्हणायचे, "चालू." वाईट वाटायचं का? नाही. खोटं सांगते. एवढंसं वाटायचं, पण बाळाचा विचार आला की तेही जायचं.

आणि मुंग्या आल्या. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळचा कप विसरून मी देवपूजेला बसले, परत येऊन बघते तर कपाच्या कडेला काळी रेघ. मी स्टुलाजवळ खाली बसले. भिंतीच्या फटीतून रांग निघाली होती, स्टुलाच्या पायावरून चढून सरळ कपात. मी बोट मध्ये धरलं. त्या बोटावरून चालत गेल्या. मला रडू फुटलं. औषध उतरलं की येतंय सगळं माघारी, असं सासूबाई म्हणायच्या.

शरीरही ऐकायला लागलं. बोटं वळायला लागली, वाफा थांबल्या, रात्रीची झोप लागायला लागली. मी माझ्याच अंगात परत राहायला आले होते. उन्हाळ्यात नात झाली. मी सटाण्याला बघायला गेले तर विहीणबाईंनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, "ताई, आते तब्येत कशी शे?" मी म्हटलं, "एकदम चांगली शे." त्या हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता मी ते बाळ उचलून घेतलं. माझा हात जराही थबकला नाही.

ती नाशिकला आली त्या दिवसापासून तिची अंघोळ माझ्याकडे. पोरगी पायांवर पालथी घातली की डोळे मिटायची. तिच्या पाठीवर हात फिरवताना मला वाटायचं, याच्यासाठी काय वाटेल ते. पुढच्या पितृपक्षात मी पान ठेवून वळले नाही तोच मागे पंखांचा फडफडाट झाला. कावळ्याने पहिला घास वड्याचाच घेतला. हे म्हणाले, आबांना पणती झाल्याचं पोचलं. मी मनात म्हटलं, माझा रिपोर्ट आला.

पहिली संक्रांत म्हणून मुलगा आणि सूनबाई तिला पुण्याहून घेऊन आली. बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे तुकडे. ती तेव्हा रांगत होती. दोन्ही मुठींत हलवा गच्च धरून बसली, सोडायला तयार नाही. दुपारी मी तिला कुशीत घेऊन पडले. कधीतरी सुनेने तिला उचलून नेलं, मला कळलं नाही.

जाग आली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. पडदा ओढलेला, उजेड पिवळट. मी उताणी होते. मान जरा वळवली आणि बघितलं तर चादरीवरून मुंग्यांची रांग येत होती. पलंगाच्या कडेवरून वर, उशीला वळसा, माझ्या दंडावरून, आणि डाव्या बाजूने पदराखाली आत. त्या बाजूला मला स्पर्श कळत नाही. ऑपरेशनपासून तिथे काहीच कळत नाही. एक रांग आत जात होती, एक बाहेर येत होती. बाहेर येणाऱ्यांच्या तोंडात काहीतरी पांढरं होतं.

मी ओरडले नाही. गंमत बघा, आधी मला आनंदच झाला. बघ, किती स्वच्छ झालीस, असं वाटलं. मग वाटलं, यांना आत काय सापडलंय? जिथे मलाच काही कळत नाही तिथे या इतक्या निवांत कशा जातायत? पदर बाजूला करायची माझी हिंमत होईना. मी मोजत नव्हते, पण त्या संपत नव्हत्या. अंगावर असं काही चाललंय आणि अंगाला पत्ता नाही.

तेवढ्यात हे आत आले. त्यांनी बघितलं, शांतपणे माझा पदर झटकला. आत काही नव्हतं. ब्लाउजच्या घडीत हलव्याचे चार-दोन दाणे अडकले होते, पोरीच्या मुठीतून पडलेले. "उठ, अंग झटक," म्हणाले. मग कपाटावर हात घालून मागून एक खडू काढला, मुंग्यांचा, पांढरा, आणि पलंगाच्या पायाशी उकिडवे बसून रेघ ओढायला लागले.

मी विचारलं, "हे काय?"

"खडू. तुझ्या आजारपणात रोज वढायचो की. पलंगाला, स्टुलाला."

"कधी?"

"तू अंघोळीला गेली की. डॉक्टर बोलले व्हते, कसलाबी किडा-मुंगी, जंतू नको. पांढऱ्या फरशीवर दिसत नाय ते. नंतर सवयच लागली."

"मग बंद कधी केला?"

"मागल्याच्या मागल्या दिवाळीला. सूनबाई पोटुशी व्हती ना. हे जहर असतंय, पोटातल्या लेकराला कशाला? मग लेकरू झालं, आता तर रांगतंय, फरशीवरचं बोट तोंडात घालतंय. आज आता ते जाणारेत म्हणून वढतोय, उद्या फडक्यानं पुसून काढीन."

मी पलंगावर बसले होते, हे फरशीवर. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. दोघांनी एकाच दिवाळीला, एकाच लेकरासाठी, एकमेकांना न सांगता आपापलं जहर बंद केलं होतं. माझं हसणं बघून ते घाबरले. "काय झालं गं?" मग मी सगळं सांगितलं. कप, गूळ, कावळा, सिस्टरचे मोजे, बेसिन. एकदा तोंड उघडल्यावर राहवलं नाही.

ते खडू हातात धरून ऐकत राहिले. भांडतील असं मला वाटलं, मी भांडायला तयारही होते. माझ्या तोंडाला लागायचं धाडस सहसा कोणी करत नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी भांडायचं विसरले. बाहेर नात खिदळत होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, आपण औषध थांबवतो ते घड तोडायचे असतात म्हणून. जे तोडायचंय त्याचं थांबवतात. वेलीचं कोणी कधी थांबवलंय का?"

एवढ्या वर्षांची द्राक्षवाली मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. घड गेला की वेलीला परत छाटणी, परत औषध, वर्षामागून वर्ष. वेल राहायला हवी असेल तर हात आखडता घेत नाहीत. मी स्वतःला घड धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंकडे गेलो आणि मी 'कंटाळा आला' म्हणाले ते तिथलं. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. निघताना दारात थांबून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही गोळी हातातून उतरते का हो? म्हणजे लहान बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं तर?"

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "नाही हो. अजिबात नाही. खुशाल घाला. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

रिपोर्ट आला. कमरेच्या हाडात एक डाग आहे, लहान आहे. मी विचारलं, बंद केल्यामुळे आलं का? बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, सांगता येत नाही, घेत असतानाही कधी कधी येतं, पण घेत असता तर बरं झालं असतं. आता दुसरी गोळी आहे, इंजेक्शन आहे, औषधं पुष्कळ आहेत, फक्त सोडू नका. ह्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि सगळं मन लावून ऐकून घेतलं, कोणती कधी, जेवणाआधी की नंतर.

तिथून हे मला बागेत घेऊन गेले. तोडणी चालू होती, म्हणाले तुला जरा बरं वाटेल. ऊन छान होतं. मी वेलींखाली शिरले आणि थांबले. औषध थांबवून बरेच दिवस झाले होते, रिपोर्ट स्वच्छ आला होता. बागेत आवाजच आवाज. बुलबुल, साळुंक्या, फुटलेल्या मण्यांवर मधमाशा, खोडावरून मुंग्यांच्या रांगा. सगळं माघारी आलं होतं. या आवाजासाठी मी सव्वा वर्ष गोळ्या पाण्यात सोडल्या होत्या. आणि त्या आवाजाच्या खालून, रांगेरांगेतून, बायकांच्या कात्र्या चालत होत्या. कट, कट, कट. घड क्रेटमध्ये जात होते.

माझ्या मानेवर एक मुंगी चढली. मी ती झटकली नाही, आणि तिथे उभंही राहवेना. हे मागून आले, म्हणाले, "बसते का घटकाभर? सावली हाय."

मी म्हटलं, "नको. घरी चला, माझी गोळी राहिली आहे."